मुलीच्या फीचा डॉलर

मुलगी अमेरिकेत शिकायला गेली आणि काचीगुड्याच्या आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबर डॉलरचा भाव येऊ लागला. तिच्या पुढच्या सत्राची दहा हजार डॉलर फी ऑगस्टमध्ये भरायची होती. त्यासाठीचे रुपये मी वेगळ्या बचत खात्यात ठेवले होते आणि त्यांना हात लावायचा नाही असे ठरवले होते. मात्र डॉलर चढत होता. असाच चढत राहिला तर ती रक्कम अपुरी पडेल आणि मुलीचे सत्र बुडेल, या भीतीने झोप उडाली होती.

सुलतान बाजारात माझा एक जुना विद्यार्थी शेअर दलाल आहे. मे महिन्यात त्याने ऑगस्टचा डॉलर वायदा सुचवला. वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून घेणे. तो भाव त्या दिवशीच्या भावापेक्षा थोडा जास्त होता.

"म्हणजे डॉलर वाढणार, असं बाजाराचं भाकीत आहे?" मी विचारले.

"नाही सर. रुपयावर व्याज जास्त, डॉलरवर कमी. त्यातला फरक आहे तो. भाकीत कळत असतं, तर मी या दुकानात कशाला बसलो असतो?"

उत्तर बरोबर होते. डॉलर आजच घेऊन ठेवले, तर रुपयावरचे व्याज बुडते आणि डॉलरवरचे थोडेसे मिळते. वायद्याचा भाव साधारण या वजाबाकीतून ठरतो. एक वायदा हजार डॉलरचा. मी दहा घेतले आणि पेन्शनच्या खात्यातून अनामत भरली.

त्यानंतर डॉलर उतरू लागला. या वायद्यात डॉलर हातात येत नाहीत; भावातल्या फरकाचा हिशेब रोजच्या रोज मिटवतात. भाव एक रुपयाने उतरला की माझे दहा हजार रुपये वजा होत. अनामत कमी पडल्याचे मेसेज येऊ लागले. प्रत्येक वेळी मी पेन्शनमधून भरणा केला. शेवटी किराण्याचे पैसे उरेनात, तेव्हा दलालाला फोन केला.

"मोडून टाक सगळे."

"दुपारपर्यंत थांबतो सर. एकदा विचार करा."

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. "इतके परेशान कशाला होताय? डॉलर उतरला म्हणजे फी स्वस्त झाली ना?"

"अगं, खात्यातून रोज पैसे जातायत."

"आणि फीचे वाचतायत ते? एकच पान तपासून पोराला नापास करताय तुम्ही."

वायद्यातला तोटा रोज मेसेजने घरी येत होता. फीतली बचत ऑगस्टपर्यंत दिसणारच नव्हती. वायदा त्या दिवशी मोडला असता, तर झालेला तोटा पदरात राहिला असता आणि पुढे डॉलर चढल्यास फीही महागली असती. फळ्यावर दोन रकाने आखून हे मी कुणालाही समजावले असते.

"पण अनामत कुठून भरू?"

"फीच्या खात्यातून. जितकी फी स्वस्त झाली, तितकेच काढायचे. ते खातं काय देव्हाऱ्यात ठेवलंय?"

मी दलालाला कळवले, "राहू दे."

"हौ सर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा नि:श्वास होता, की मलाच तसे वाटले, सांगता येत नाही.

ऑगस्टमध्ये फी भरली. दोन्ही रकाने मिळून खर्च जवळजवळ मे महिन्यात बांधलेल्या भावाइतकाच आला. बँकेचे शुल्क तेवढे वेगळे.

"बाबा, फायदा किती झाला?" मुलीने फोनवर विचारले.

"काहीच नाही. तू वर्गात आहेस."

आता जानेवारीची फी आहे. वायद्याचा भाव विचारून ठेवला आहे. चहा समोर निवतो आहे.