खांद्यावरची छत्री

तापीकाठच्या आमच्या गावात सकाळी दूध घालायला येणारा तो माणूस कायम चिडलेला असे. कापसाच्या जिनिंगमधल्या उघड्या मशीनमध्ये त्याचा डावा हात कोपरापासून गेलेला. उजव्या हातात दुधाची किटली, मग पावसात छत्री धरायची कशाने? म्हणून त्याने जुन्या दप्तराच्या पट्ट्यावर पाइपचा तुकडा बांधला, तो पट्टा सदऱ्यावरून खांद्याशी आवळला आणि पाइपात छत्रीचा दांडा खोवला. कोणी ती सावरायला गेलं की तो खेकसायचा, "हात नको लावू. मन्हं मी दखसू, समजनं का?" स्वतःचं स्वतःच बघणाऱ्या त्या माणसाची मला थोडी भीतीच वाटे.

त्या छत्रीचा व्हिडिओ मोबाइलवर गावोगाव फिरला. मग पंधरा ऑगस्टला त्याच जिनिंगच्या शेठच्या हस्ते त्याचा सत्कार ठेवला. "माणसात अशी जिद्द पाहिजे!" शेठ भाषणात म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. शेठ शाल घेऊन पुढे आले, तसा तो मागे सरकला.

"शेठ, त्या मशीनले जाळी बसाडी का?"

शेठ हसले. "अरे, आज तुन्हा कौतुकना दिवस शे."

"जाळी बसाडी का नई? तठे आज दुसरा माणूस काम करी ऱ्हायना, समजनं का?"

शेठ शाल उलगडू लागले. कोणीतरी त्याला खाली बसायची खूण केली. तो बसला नाही. माझंही डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "सांगा ना शेठ, जाळी बसाडी का?" मागून आणखी आवाज उठले. शाल शेठच्या हातातच राहिली.