सखीदाद मास्तरांच्या सहा वह्या

पडदा वर जातो तेव्हा दिसते ती झुल्फिकार फरशीवाल्याची बैठक. ऑस्ट्रेलियातल्या डँडेनाँगमधलं विटांचं बसकं घर, शनिवारची दुपार, भिंतींना लागून गाद्या, मधोमध लाल गालिचा आणि त्यावर हिरव्या चहाची किटली. दाराशी चपला-बुटांचा ढीग. दारापासून सगळ्यांत लांबच्या, म्हणजे मानाच्या गादीवर सखीदाद मास्तर, पुढ्यात जाडजूड पुस्तकांची चळत. समोर मांडी घालून पाच मुलं. आणि उजव्या कोपऱ्यात, नाकावर चष्मा ओढून, मी.

काबूलच्या रंगमंचावर मी बावीस वर्षं राण्या, विधवा आणि वेड्या आया केल्या. इथे माझी भूमिका होती मास्तरांच्या वहीतले प्रश्न वाचायची. कोंबड्या कापायच्या कारखान्यातल्या गारठ्यानं मास्तरांचा आवाज कायमचा बसला होता. मला मात्र आवाज लावायला निमित्तच हवं असतं.

"वनस्पतीच्या पेशीला," मी हात उंचावून विचारायची, "भिंत कशासाठी असते?"

"मावशी, पेशी मेली की काय?" झुल्फिकार आतून ओरडायचा. "एवढं काय रडताय?"

मुलं हसायची, मास्तर खाली बघून हसायचे आणि झुल्फिकारचा मुलगा एहसान बरोबर उत्तर द्यायचा. एहसाननं त्या वर्षी फुटबॉल सोडला होता. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. मास्तरांच्या मुलीला, मर्झियालाही. बाकी तिघांना कितपत व्हायचं होतं कोण जाणे, पण त्यांच्या आईबापांना फार होतं.

मास्तर मूळचे अफगाणिस्तानातल्या जागोरीचे. तिकडच्या डोंगरातल्या शाळेत छताला भोक होतं, पण त्या शाळेतून त्यांनी अकरा पोरं कानकोरला बसवून काबूलच्या वैद्यकीय महाविद्यालयात धाडली होती. कानकोर म्हणजे आमच्याकडची प्रवेश परीक्षा. पुस्तकं पाठ करा, हजारो प्रश्न सोडवा, जो जास्त लक्षात ठेवेल तो डॉक्टर. अकरातली एक मुलगी आज हेरातमध्ये बाळंतपणं करते. मास्तरांच्या पाकिटात स्वतःच्या बायकोचा फोटो नव्हता, त्या मुलीच्या निकालाचं कात्रण होतं. बायको हे सांगून हसायची, पण दर वेळी सांगायची.

म्हणून इथे डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेचं नाव निघालं, तेव्हा सगळे मास्तरांकडेच आले. परीक्षेला यूकॅट म्हणतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं विचारायचं काय? डॉक्टरीची परीक्षा म्हणजे जीवशास्त्र, रसायन, भौतिक. कुणाला शंकाच आली नाही. मलाही नाही.

पुस्तकं निवडायची मास्तरांची रीत बघण्यासारखी होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते जमिनीवरच बैठक मारायचे. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान: उत्तरं दिलीत का? मग मधलं पान: धड्याखाली प्रश्न किती? आणि शेवटी पेन्सिलीच्या खुणा. "ताई, हे बघा," मला म्हणायचे, "खुणा चौथ्या धड्यावर थांबल्या. याच्या मालकानं अभ्यास सोडला. ठेवा परत. हे बघा, हा शेवटच्या धड्यापर्यंत पोचलाय. हा पास झालेला माणूस." असं एकेक पुस्तक ते पास झालेल्या माणसाच्या हातून घ्यायचे. झुल्फिकार आणि बाकीचे बाप तेच पुस्तक शोधत शहरभर फिरायचे.

शिवाय सहा वह्या. पहाटे पाचची पाळी करून मास्तर दुपारी दोनला घरी यायचे, सुजलेली बोटं गरम पाण्यात धरायचे आणि लिहायला बसायचे. इंग्रजी त्यांना अडखळत यायचं, म्हणून एकेक अक्षर चित्र काढल्यासारखं काढायचे. चार हजारांवर प्रश्न झाले होते.

परीक्षा जुलैच्या अखेरीला. जूनच्या शेवटी मास्तर म्हणाले, "ताई, रसायनाचं अजून एक जाड पुस्तक हवंय. वाचनालयात चला. तुमचं इंग्रजी बरं आहे."

माझं इंग्रजी दुपारच्या मालिका बघून आलेलं. प्रेमभंग आणि खून यांपलीकडे ते जात नाही. पण मी लिपस्टिक लावून गेले.

वाचनालयातली मॉरीन फार गोड बाई. मी म्हटलं, यूकॅटसाठी रसायनशास्त्र द्या. ती गोंधळली. मग तिनं यंत्रातून दहा-बारा पानं छापून आमच्यापुढे ठेवली. परीक्षा घेणाऱ्यांनीच दिलेला नमुना, म्हणाली, सगळ्यांसाठी फुकट असतो.

मास्तरांनी पानं चाळली. त्रिकोण, ठिपके, बाणांच्या जोड्या. एक उतारा आणि त्याखाली चार विधानं, कुठलं खरं? रुग्ण चिडलाय, तुम्ही काय कराल? प्रत्येक प्रश्नाला जेमतेम अर्धा-एक मिनिट. मास्तर शेवटच्या पानावर गेले, पुन्हा पहिल्यावर आले.

"विचारा ना ताई, जीवशास्त्राचा भाग कुठाय?"

मी विचारलं.

"नसतो," मॉरीन म्हणाली. "यात कुठलाच विषय नसतो. डोकं कसं चालतं ते बघतात." आणि बिचारी मदत म्हणून पुढे बोलली, "ती खिडकीजवळ बसते ना, मर्झिया, तिला विचारा. फेब्रुवारीपासून रोज येते. हाच नमुना तिनं कितीदा छापून नेलाय."

एवढं इंग्रजी मास्तरांना कळलं. मला भाषांतर करावं लागलं नाही.

आम्ही खिडकीकडे गेलो. मर्झिया सतरा वर्षांची, बापासारखीच अरुंद खांद्यांची. पुढ्यात बापानं निवडलेलं जीवशास्त्र उघडं, त्याच्याखाली ठिपक्यांची पानं, हातात वेळ मोजायचं घड्याळ. आम्हाला बघून तिनं ते बंद केलं. बाकी काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

"तुला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

"हो."

"फेब्रुवारीपासून?"

"तेव्हा तुमच्या दोन वह्या भरल्या होत्या, बाबा. मी सांगायलाच आले होते. तुम्ही बोटं पाण्यात घालून बसला होतात." ती थांबली. "मग तिसरी सुरू केलीत."

"आणि एहसान?"

मर्झिया म्हणाली, "त्याला सांगितलं असतं तर झुल्फिकार काकांना कळलं असतं. सगळ्यांसमोर तुमचं..." आणि गप्प झाली. आमच्यात मूल बापाला चारचौघांत चूक म्हणत नाही. तिला तसं आम्हीच वाढवलं होतं, आणि ती चांगली मुलगी होती.

मी इतक्या नाटकांत पडदे पाडले. त्या दिवशी एखादा पडला असता तर बरं झालं असतं.

आता खरं सांगायची वेळ. मास्तरांनी त्याच दिवशी जाऊन सांगितलं असं मला लिहायला आवडलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी ते त्याच गादीवर बसले आणि वही माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे बघितलं नाही. मी वाचलं. यकृताचं कार्य काय, क्षार म्हणजे काय, सगळं वाचलं, आणि इतकं सपाट वाचलं की झुल्फिकार आतून म्हणाला, "मावशी, आज बरं नाही का?"

एहसाननं सगळी उत्तरं बरोबर दिली. मर्झिया गालिच्यावरचं एक फूल नखानं खरवडत बसली होती.

त्याच्या पुढच्या शनिवारी झुल्फिकारनं सगळ्या आईबापांना जेवायला बोलावलं. गालिच्यावर जेवणाची चादर, दस्तरखान, पसरलं, वाफाळता काबुली भात आला, मांसाचा मोठा तुकडा मास्तरांपुढे. जेवणं झाल्यावर झुल्फिकार उठला आणि आतून चपन घेऊन आला. चपन म्हणजे लांब रेशमी पट्ट्यांचा डगला, मोठ्या माणसाच्या खांद्यावर मानानं घालायचा. तिकडून, मझारहून मागवला होता त्यानं. फरशा घासून घासून फाटलेल्या हातांनी त्यानं तो मास्तरांच्या खांद्यावर ठेवला.

"आमच्या पोरांचं आयुष्य मार्गी लावलंत," म्हणाला. "आम्हाला लिहिता-वाचता येत नाही. तुम्ही आमचे डोळे."

लोकांनी मान डोलावली. मास्तरांनी हळूहळू डगला उतरवला. बाही बाहीवर, कड कडेवर, नीट घडी घातली आणि दस्तरखानाच्या कडेला ठेवला.

"पुस्तकं चुकीची आहेत," ते म्हणाले. बसलेल्या आवाजात, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. "परीक्षेत यातलं काही येत नाही. एकही प्रश्न नाही. मी कधी बघितलंच नाही. मला वाटलं, मला ठाऊक आहे."

झुल्फिकारनं विचारलं, "कधी कळलं?"

इथे मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. "कालच" म्हणाले असते तर कुणी शोधायला गेलं नसतं.

"अकरा दिवस झाले."

"आणि मर्झियाला? तिला सांगितलंत?"

"तिला आधीच ठाऊक होतं. फेब्रुवारीपासून."

झुल्फिकार हसला. ते हसणं मी अजून विसरले नाही. "म्हणजे मास्तर, तुमच्या घरात दोन पुस्तकं होती. एक आमच्या पोरांसाठी, एक तुमच्या पोरीसाठी."

"तसं नाही, झुल्फिकार," मी म्हणाले.

"मावशी, तुम्ही गप्प बसा. तुम्ही तर मागच्या शनिवारीसुद्धा वाचत होतात."

खरंच वाचत होते मी.

मास्तरांनी स्वतःची बाजू मांडली नाही. ते उठले, मानाच्या गादीवरून निघाले आणि दाराशी, चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसले. निघून गेले नाहीत. लोक बोलणार होते, आणि ते ऐकायला ते थांबले. लोक बोलले. एकानं वाया गेलेल्या वर्षाचा हिशेब काढला, एकीनं मर्झियाला घुमी म्हटलं. शेवटी एहसाननं विचारलं, "किती दिवस उरलेत?"

"एकोणीस," मर्झिया म्हणाली.

"मग चल. दाखव."

ती दोघं स्वयंपाकघरात जाऊन बसली. घड्याळाची टिकटिक आणि मध्येच तिचं "थांब, वेळ संपली" एवढंच बैठकीत ऐकू येत राहिलं. पुढचे एकोणीस दिवस ती रोज त्याच्याकडे गेली. मास्तर तिला दारापर्यंत सोडायचे आणि रस्त्यावर उभे राहायचे. आत कुणी बोलावलं नाही, आणि त्यांनीही पायरी चढली नाही.

निकाल लागला. मर्झियाला जागा मिळाली. एहसान थोडक्यात राहिला. किती थोडक्यात ते त्यानं बापाला सांगितलं नाही, मर्झियाला सांगितलं, तिनं मला. आणखी एक महिना हाती असता तर, असं मला वाटतं. तो आता रुग्णवाहिकेवर काम करतो आणि चांगलं करतो. माझी छाती दुखली तेव्हा तोच आला होता. पण डॉक्टर व्हायचं होतं त्याला, ते काही मिटलेलं नाही.

मुलीच्या प्रवेशाची मिठाई मास्तरांनी वाटू दिली नाही. झुल्फिकार आता त्यांना सलाम करतो, तब्येत विचारतो. डगला मात्र त्याच्याच कपाटात आहे. सहा वह्या मास्तरांनी जाळल्या-बिळल्या नाहीत. एहसानच्या धाकट्या बहिणीला शाळेत जीवशास्त्र होतं, तिला दिल्या. तिनं त्या शेवटच्या पानापर्यंत वाचल्या, पेन्सिलीच्या खुणा करत.

तेव्हापासून मास्तर कुठेही गेले तरी दाराशीच बसतात. ओढून आत न्यायला गेलं की म्हणतात, इथे वारा बरा लागतो. डँडेनाँगच्या हिवाळ्यात!

परवा नवरोजला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, मशिदीच्या सभागृहात क्वेट्टाहून नुकतंच आलेलं एक कुटुंब भेटलं. बाप उत्साही, शेजारी सोळा वर्षांची मुलगी, ओढणीचं टोक चावत उभी. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की या मास्तरांची मुलगी डॉक्टर होतेय. तो सरळ दाराशी आला आणि म्हणाला, "मास्तर, आमच्या पोरीलाही परीक्षेला बसवायचंय. कुठलं पुस्तक घेऊ? तुम्ही म्हणाल ते घेतो."

मास्तरांनी त्या माणसाकडे बघितलं, मग त्याच्या मुलीकडे. वाकून आपले बूट शोधले, पायात घातले, नाड्या बांधल्या. झुल्फिकार जवळच उभा होता, हातात चहा घेऊन.

"मला विचारू नका," मास्तर म्हणाले. "मुलीला विचारा. आणि ती गप्प बसली, तर पुन्हा विचारा."