रंध्याचा गोळा की कागदी कोन? केडगाव ते शिर्डी, एक न्यायनिवाडा

भाचीच्या लग्नात पाहुण्यांना बर्फाचा गोळा द्यायचा, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पण शिर्डीच्या व्याह्यांनी "कागदी कोनातला ठेचलेला बर्फ ठरवतोय" असं कळवलं आणि मी भर बैठकीत उभा राहिलो. "रंध्यावर किसलेला तोच गोळा! बाकी सगळं फ्रिजचं खरवडण! तो कोन मांडवात आला, तर मी येणार नाही!"

आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो, आणि पल्लवीला मामा मी एकटाच. तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "मामा, उद्या गाडी काढते. आधी दोन्ही खाऊन बघा."

सकाळी केडगावहून आधी भिंगार. जुन्या बाजारात गाडी घालू नका. बाहेर लावा आणि चालत जा. गोळेवाल्या मावशींनी उलट्या रंध्यावर बर्फाची लादी घासली, खाली कापसासारखा भुगा पडला. तो काडीभोवती दाबून वर कालाखट्टा ओतला की बर्फच तो पिऊन टाकतो, शेवटपर्यंत एकसारखी चव. हेच मी जमलेल्या गर्दीला समजावत होतो. तिसऱ्या मुद्द्यावर गोळा काडीवरून सुटला आणि चपलेवर पडला.

"भाऊ, भाषन लई ग्वाड हाय," मावशी म्हणाल्या, "पन गोळा थांबत न्हाई."

न्यायासाठी आणखी दोन खाल्ले.

नगर-मनमाड रस्त्यावर वेळ हाताशी ठेवा. राहुरीत मिसळ खाल्लीत, तर पुढचे खड्डे तिची वारंवार आठवण करून देतात.

शिर्डीत मंदिरापासून जरा लांबची गाडी गाठा, तिथे स्वस्त मिळतं. यंत्राचा दांडा फिरला, बर्फाचे खडे कोनात पडले. रंग ओतला तर तो सरळ खाली घसरला. वर फिका बर्फ, तळाशी साखरेची विहीर! ही फसवणूक आहे, असं मी गाडीवाल्याला सविस्तर सांगितलं. माझं बोलणं संपलं, तरी कोन शाबूत.

"घ्या मामा," पल्लवी म्हणाली, "तुमचं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कुणीतरी भेटलं."

तळाचा रस प्यायलो. फर्मास होता. न्यायासाठी आणखी तीन.

तर वाचकहो, जागेवर उभं राहून झटपट चोखायचा असेल तर रंध्याचा घ्या, गप्पा मारत फिरायचं असेल तर कोन. पण गोळा म्हणावा तो रंध्याचाच, आणि हे ठणकावून सांगायला मी परतीच्या वाटेवर मनात भाषण रचत होतो.

घरी पोचलो तेव्हा जीभ जांभळी होती आणि घसा पूर्ण बसला होता. पल्लवीनं सगळ्यांना गोळा केलं. "रंध्याची आणि कोनाची, गाड्या दोन्ही येणार आणि मामाही येणार. कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला."

मी ताडकन उठलो. हात उंचावला. तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली.

"ठरलं तर!" ताई म्हणाली, आणि माझ्या उंचावलेल्या हातात हळदीच्या दुधाचा पेला दिला.