नंदाच्या पंगतीत आग्रह नव्हता

नंदा गेल्याचं मला पल्लवीनं फोनवर सांगितलं. "मावशी, नंदाकाकू सकाळी..." एवढंच बोलली आणि तिला रडू फुटलं. मलाही. महिना झाला त्याला. आता नंदा आठवली की आधी हसूच येतं, आणि ते तिला आवडलं असतं.

माझी ही मैत्रीण कसबा पेठेत मुलींसाठी खानावळ चालवायची. हाताला चव अशी की बोटं चाटत बसावं, पण वाढताना आग्रह शून्य! आपल्याकडे पहिलं 'नको' म्हणजे 'अजून एकदा विचारा'. तिच्या मुलीच्या लग्नात व्याही लाजून जिलबीला नको म्हणाले, तर ही सरळ पुढच्या पानाकडे! बिचारे जिलबीकडे बघत राहिले. मी झापलं तेव्हा म्हणाली, "अगं, हवी असेल तर तोंड आहे की त्यांना!"

पल्लवी यवतमाळची, नंदाकडे जेवायची. ऑफिसातल्या मित्रानं घरी सोडतो म्हणत तिला आपल्या खोलीवर नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला. तिनं नंदाला सांगितलं, नंदानं एकही उलट प्रश्न विचारला नाही. पेठेनं मात्र विचारले. मित्रच ना? मग गेली कशाला त्याच्या गाडीवर? मला संताप येई... अजूनही येतो.

तक्रार द्यायला निघायच्या आत पल्लवीची आई येऊन थडकली. "जाऊ द्या जी, ओळखीचाच पोरगा आहे. आपलीच बदनामी होते." नंदानं तिला आधी जेवायला बसवलं. मीही पानावर होते. दुसऱ्या पोळीला बाई रीतीप्रमाणे नको म्हणाल्या. नंदानं हात मागे घेतला. बाई गोंधळल्या. प्रवासानं पोटात कावळे ओरडत होते त्यांच्या.

"ताई, तुम्ही एकदा नको म्हणालात, मी थांबले," नंदा म्हणाली. "तुमची लेक किती वेळा म्हणाली असेल?"

बाई ताटाकडे बघत रडल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "वाढा." जेवून उठल्या आणि लेकीचा हात धरून आमच्यासोबत चौकीत आल्या.

खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला नंदा कोर्टात पल्लवीशेजारी बसायची, पिशवीत लाडवांचा डबा घेऊन. परवा पल्लवीचा फोन आला.

"मावशी, सोमवारी तारीख आहे. याल? जमत नसेल तर स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही."

इतक्या मोकळेपणानं मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. मनापासून.