हवालदाराचा नाच

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ग्यानोबाला कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि तो बायकोपोरांसह देवणीकडचं खेडं सोडून लातूरला आला. पंचशीला त्याची थोरली, देविदास धाकटा. कचेरीमागच्या चाळीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या. शेजारी चन्नबसप्पा हेडक्लार्क राहायचे. चाळीतला पहिला टीव्ही त्यांच्याच घरी आला.

टीव्ही रोज बघायला मिळत नसे. शांतम्मा, म्हणजे चन्नबसप्पांची बायको, शिस्तीची होती. पण सणासुदीला ती दार उघडं ठेवायची. दिवाळीचा खास कार्यक्रम, सव्वीस जानेवारीचं संचलन, होळीची गाणी. चाळीतली पोरं दाराजवळ अंथरलेल्या पोत्यावर दाटीनं बसायची. शांतम्माची लेक नीलम्मा मात्र पलंगावर, उशीला टेकून. पंचशीला तिच्याच वर्गात होती. टीव्हीकडं बघता बघता तिची नजर त्या उशीकडं जायची.

तरी नीलम्माचा हेवा सोसण्यासारखा होता. ज्याचा टीव्ही त्याचा पलंग. सोसेना तो देविदासचा.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. नळ कोरडे पडले होते आणि टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. दिवाळीच्या संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. एक झोपाळू हवालदार, चौकीत शिरलेले दोन चोर, अशी नाटिका होती. चोर चोरी करायचं सोडून चौकीतच पणत्या लावायला लागले आणि पोरं हसून हसून एकमेकांवर पडली. तेवढ्यात पंचशीलाची आई, सुमनबाई, दारात आली.

"पंचशीले, ऊठ. टँकर आलाय."

"देवाला पाठव की माय."

"त्याला घागर उचलंल का? चल लवकर."

देविदासनं मान वळवूनही बघितलं नाही. पंचशीलानं घागर घेतली. टँकर मैदानाच्या पार पलीकडं, पिंपळाखाली थांबला होता. रांगेत बायका भांडत होत्या, आणि तिला मात्र सारखं वाटत होतं, आत्ता ते हसत असतील. आत्ता हवालदार जागा झाला असेल.

ती परत आली तेव्हा टीव्ही बंद झाला होता आणि पोरं फुलबाज्या लावत होती. ती न जेवता कोपऱ्यात बसली. देविदास तिच्यापुढं येऊन उभा राहिला आणि त्यानं तिला शेवट करून दाखवला. हवालदार जागा होतो, चोरांना बघतो, पण पकडायच्या ऐवजी पट्टा काढून डोक्यावर फिरवतो आणि त्यांच्यासंगं नाचतो. देविदास इतका छान नाचला की सुमनबाईसुद्धा हसली. पंचशीला हसली नाही. हे ह्यानं बघितलं आणि आपण नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

पुढं महिनाभर देविदास तो नाच शाळेत, गल्लीत, मागितला तिथं करून दाखवायचा. सव्वीस जानेवारीलाही टँकर ऐन संचलनात आला. घागर पंचशीलाच्याच डोक्यावर होती, आणि उंटांचं वर्णन देविदासच्या तोंडी.

पंचशीला नर्स झाली. किनवटच्या सरकारी दवाखान्यात तिची बरीच वर्षं गेली. नोकरी लागल्यावर तिनं पलंगाच्या आधी टीव्ही घेतला. दिवाळीला ड्यूटी बदलून घ्यायची, घागरी सकाळीच भरून ठेवायची आणि संध्याकाळी टीव्हीपुढं बसायची. कार्यक्रम चांगले असत, पण मधे उठवायला कुणी येत नसे आणि शेजारी हसायलाही कुणी नसे. पुढं वाहिन्या इतक्या वाढल्या की दिवाळीचा म्हणून वेगळा कार्यक्रमच राहिला नाही.

निवृत्त होऊन ती लातूरला परतली. त्या दिवाळीत देविदासनं तिला जेवायला बोलावलं. नीलम्माही आली होती. जेवणं झाल्यावर देविदासची बायको कावेरीबाई सुपारी कातरत बसली आणि जुन्या गोष्टी निघाल्या. काय ते दिवस, काय तो टीव्ही.

"त्या हवालदाराचा नाच आठवतो का?" नीलम्मा म्हणाली. "पट्टा फिरवत. माझ्या तर अजून डोळ्यापुढं हाय."

देविदास हसला. दोघं एकमेकांकडं बघून हसत होती आणि पंचशीला सतरंजीचा काठ ओढत बसली होती. साठीला टेकलेल्या बाईला तोच जुना हेवा.

नीलम्मानं मोबाईल काढला. हल्ली सगळं जुनं सापडतं म्हणाली, आणि शोधता शोधता खरंच ती नाटिका सापडली. तिघांनी डोकी जवळ आणली. चौकी होती, पणत्या होत्या. हवालदार जागा झाला, त्यानं चोरांकडं बघितलं, डोळे चोळले आणि हे स्वप्नच आहे असं समजून पुन्हा झोपला. तिथं नाटिका संपली.

"नाच कापलाय कुणीतरी," नीलम्मा म्हणाली.

देविदासनं मान हलवली. मग म्हणाला, "नाच नव्हताच. चोरांनी पणत्या लावल्या आन् टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या. चन्नबसप्पाकाका वर जाऊन अँटेना फिरवत होते, पण चित्र आलंच न्हाई. शेवट कुणीच बघितला न्हाई."

"आरं, पण मी तर बघितलाय," नीलम्मा म्हणाली.

"तू माझा बघितलास. शाळेत."

पंचशीलानं विचारलं, "मग मला का तसं सांगितलंस?"

"तू जेवत नव्हतीस, आक्का. काहीतरी करावं लागलं."

कावेरीबाईला वाटलं, आता नणंदेच्या डोळ्यांत पाणी येणार. पण पंचशीला म्हणाली, "मुंग्या तर बघितल्यास. मला त्यापण दिसल्या न्हाईत."

कावेरीबाई चहा टाकायला उठली.

दोन दिवसांनी पंचशीलानं भावाला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "देवा, सव्वीस जानेवारीचे उंट? तेबी तुझेच का?"

"न्हाई आक्का. उंट खरे होते. लई देखणे होते."

"हाव का," ती म्हणाली आणि फोन ठेवला. खोटे निघाले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.