कुलूप न काढता उघडलेलं केंद्र

अर्जांना फायली असतात, किश्शांना नसतात. म्हणून ते चहाच्या कपांभोवतीच साठत जातात. आमच्या केंद्रात महिन्याला एखादा अर्ज निकालात निघतो, किस्से मात्र रोजचे दोन!

केंद्र म्हणजे विद्यापीठाने सुरतेच्या कामगारांसाठी चालवलेलं हक्क केंद्र. पॉवरलूमच्या गल्लीत दोन खोल्या. आणीबाणीत त्यांना कुलूप लागलं. ती उठल्यावर केंद्र पुन्हा उघडायचं ठरलं, तेव्हा मी इंग्लंडात कामगार कायदा शिकून नुकतीच घरी आले होते. बॅगा उघडायच्या आधी मी तिथे हजर!

उद्घाटनाच्या सकाळी फुलं आली, पेढे आले, पन्नासेक विणकर आले. किल्ली आली नाही! ती विद्यापीठात कोणाच्या टेबलात आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

"पुढच्या सोमवारी ठेवू या का?" केंद्राचे प्रमुख देसाईसर म्हणाले.

"इतके दिवस थांबलो सर, आता एक तासही नाही!" मी म्हणाले.

गर्दीतला एक फिटर पुढे आला. त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार उलट्या बाजूने उघडलं. कुलूप जागच्या जागी, कडीत!

आठवड्याने शिपाई किल्ली घेऊन आला. आत तीस माणसं बसलेली. त्याने सगळीकडे एकदा पाहिलं, शांतपणे कुलूप काढलं आणि वही पुढे केली.

"बेन, केंद्र उघडल्याची सही द्या."

* * *

त्या उद्घाटनाला मी भाषण केलं. परदेशात रात्रंदिवस मनात घोळवलेलं. संघटना, प्रतिष्ठा, माणूसपण, सगळं त्यात होतं. समोर खानदेशातून आलेले विणकर मांडी घालून बसले होते. माना हलत होत्या. मला वाटलं, ठिणगी पडली!

चाळिसाव्या मिनिटाला मागून एक हात वर आला.

"ताई, भाषण झकास शे. पन आमनी पाळीनी येळ व्हई गयी!"

अर्धी सभा उठून कामाला गेली. तेव्हापासून मी पाच मिनिटं बोलते आणि उरलेला वेळ ऐकते.

* * *

ज्याचं ऐकून घेतलं तो पहिला माणूस भीमराव. सगळे भीमा म्हणायचे. धुळ्याकडचा, बारा वर्षं एकाच कारखान्यात माग चालवलेला. एके दिवशी त्याने शेठकडे हजेरी कार्ड मागितलं. दुसऱ्या दिवशी गेटवरच त्याला अडवलं, "तू कोण?"

भीमाला दुसरं काही नको होतं. आपला माग परत हवा होता.

"काही कागद आहे का? पगाराची चिठ्ठी? नेमणुकीचं पत्र?" मी विचारलं.

"ताई, तिथं कागद मशिनचे. मशिन कधी आणलं, कुठून आणलं, सगळं लिहिलेलं. आम्ही आपले चालत आलो!"

मी टेबलावर मूठ आपटली. तुला तुझ्या मागावर बसवीन, असं सांगून टाकलं.

"ताई," भीमा म्हणाला, "माग उभ्यानं चालवतात."

* * *

आता साक्षीदार हवा. त्याच्याबरोबरचे कामगार रस्त्यात मला पाहिलं की दुसऱ्या गल्लीत वळायचे. त्यांचा राग नाही आला. त्यांनाही गेट होतंच. शेवटी भीमाच्या खोलीतला रतन तयार झाला. तो दुसऱ्या कारखान्यात. दोघे एकाच खोलीत, एकाच खाटेवर. एक दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला.

"भीमाला किती वर्षं ओळखता?"

"सात वर्षं, ताई. छातीवर हात ठेवून सांगतो!"

"मग त्याला कारखान्यात जाताना, काम करताना पाहिलंय?"

रतनने बराच विचार केला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"नाही ताई. मी त्याला फक्त झोपलेला पाहिलाय."

* * *

माझे बाबा बँकेत नोकरीला. इतकं शिकून मुलगी पॉवरलूमच्या गल्लीत बसते, हे त्यांना पटलेलं नव्हतं. कामगार अधिकाऱ्यांना लिहिलेला भीमाचा अर्ज मी त्यांना मुद्दाम वाचायला दिला. सहा पानं! वाटलं, हे वाचून तरी विरघळतील.

बाबांनी चष्मा पुसला. दोनदा वाचला.

"छान आहे. न्याय हा शब्द सतरा वेळा आलाय. कारखान्याचा पत्ता एकदाही नाही."

मग त्यांनी स्वतःच एका पानाचा अर्ज लिहिला आणि संध्याकाळी टाइप करून आणला. तेव्हापासून आमचे सगळे अर्ज बाबाच लिहितात. केंद्र अजून त्यांना पटलेलं नाही!

* * *

बाबांच्या त्या एका पानाने काम केलं. कामगार अधिकारी चौकशीसाठी थेट कारखान्यात आले. मी आणि भीमाही बरोबर होतो. जाताना भीमा म्हणाला, "आज नाही झालं तर गावाकडे जातो, ताई." मी हातातली फाइल तेवढी घट्ट धरली.

शेठची खुर्ची दारालगत, समोर ओळीने माग. एवढा खडखडाट, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. शेठ खूप अदबीने वागले. अधिकाऱ्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, हजेरीचं रजिस्टर स्वतः उघडून समोर ठेवलं. त्यात भीमाचं नाव कुठेच नव्हतं.

"या माणसाला ओळखता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

शेठनी भीमाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ना साहेब. आज पहिल्यांदा बघतो."

"नक्की?"

"देवाची शपथ! असा कोणी माणूस इथे कधी नव्हता."

अधिकाऱ्यांनी तसं लिहायला पेन उघडलं. शेठ वाकून रजिस्टरचं पुढचं पान उलटायला लागले. एवढ्यात मागांच्या खडखडाटात काहीतरी कमी झालं. मला कळलंच नाही काय ते. शेठना कळलं. त्यांनी रजिस्टरमधून मानसुद्धा वर केली नाही.

"एय भीमा, नव नंबर जो ने!"

अधिकाऱ्यांचं पेन हवेतच थांबलं. मी शेजारी वळून पाहिलं, तर भीमा जागेवर नव्हता. तो केव्हाच बंद पडलेल्या नऊ नंबरच्या मागापाशी पोचला होता. वाकून त्याने तुटलेला धागा जोडला, माग सुरू केला आणि तिथूनच ओरडला,

"थई गयुं, शेठ!"