जुबेदाखाला आणि जाळीची काच

जुबेदाखाला आज सकाळी गेल्या, आणि त्यांच्या बैठकीतल्या काचेबद्दल काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

बाभुळगावात आमच्या शेजारचं घर त्यांचं.

त्यांचे यजमान, आमचे खालू, वारल्यावर कापसाचा धंदा खालांनीच सांभाळला. आजूबाजूच्या गावांतून, तांड्यांवरून कापूस यायचा, खाला तो घेऊन जिनिंगला पाठवायच्या.

बैठकीत माणसं. मधे जाड हिरवा पडदा. पडद्यामागे खाला.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. शेतकरी थाळीत मूठभर कापूस ठेवून थाळी खालून आत सरकवायचा. खाला धागा ओढून पाहायच्या आणि आतूनच भाव सांगायच्या.

कितीतरी लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं फक्त ऐकलं होतं.

मग कापसाचे ते वाईट हंगाम आले. त्यांचा मुलगा अस्लम तेव्हा काच आणि प्लायवूडच्या लाइनमध्ये शिरला होता. "अम्मी, कापसात आता काही राह्यलं नाही. आराम कर," हे त्याचं रोजचं वाक्य.

खाला म्हणायच्या, "आराम कबरीत करीन."

बैठक म्हणजेच आपला शोरूम, असं अस्लमने ठरवलं. पडदा निघाला. त्या जागी नागपूरहून आणलेली काच, जमिनीपासून छतापर्यंत.

दोन काचांच्या मधे पितळी तारेची बारीक जाळी दाबून बसवलेली. दिवसा बैठकीतून ती सोनेरी कापडासारखी दिसायची, आतली माणसं नुसत्या सावल्या. आतून मात्र बैठक अन् रस्ता स्वच्छ दिसायचा.

मी बघायला गेले तेव्हा अस्लम खुशीत होता. "ताई, पर्दा पण राह्यला अन् लुक पण आला. फुटली तरी तुकडे खाली पडत नाहीत. अन् आवाज तर पाहा, जवळपास बंद."

आत खालांची सावली माझ्याकडे वळून, हात हलवत काहीतरी बोलत होती. मला काहीच ऐकू आलं नाही. मी हसून मान हलवली.

आतला आवाज बाहेर येणार नाही, हे त्याला माहीत होतं. प्लस पॉइंट म्हणून त्यानेच मला सांगितलं.

पण माहीत असणं आणि मुद्दाम करणं, यात फरक असतो. असतो ना?

तेवढ्यात रामधनकाका आले. तांड्यावरचे म्हातारे, खालांकडे कायम माल देणारे. सवयीने थाळी घेऊन वाकले आणि तसेच थांबले.

"आता कुठून सरकवू बाई?"

आतली सावली हलली. आवाज नाही.

"टीव्हीचा आवाज बंद केल्यावानी झालं हे तर," काका म्हणाले.

अस्लमने हात पुढे केला. "काका, द्या इकडे. मी पाहतो."

काकांनी थाळी छातीशी धरली. "तुले समजते का?"

"कापूसच हाय ना."

"हाव. कापूसच हाय."

पण थाळी काही दिली नाही. अस्लमचा हात तसाच पुढे. मी उगाच पंख्याकडे बघत राहिले. त्या दिवशी थाळी अस्लमच्या हातात गेली असती, तर खालांचा धंदा तिथेच संपला असता. हे आम्हा सगळ्यांना समजत होतं.

मग बाजूचं दार उघडलं.

खाला बाहेर आल्या. डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली. अस्लमकडे बघितलंही नाही. दिवाणावर येऊन बसल्या.

रामधनकाकांनी झटकन तोंड फिरवलं. खालांकडे पाठ करून, काचेकडे तोंड करून खाली बसले, आणि थाळी न बघताच मागे सरकवली.

खालांनी धागा ओढला.

"रामधनभाऊ, पाणी मारलं का याच्यावर, का रडून राह्यले होते?"

"दव हाय वो बाई, दव," काका काचेला म्हणाले.

"तुमच्याच वावरात पडते का दव?"

"मावाल्या वावरावर देवाचा लोभ हाय."

असा सौदा झाला. काका पुढे, खाला मागे. काचेत काकांना खालांचं पुसट प्रतिबिंब दिसत असणार. ते त्यांच्या लक्षात आलं होतं का, कोण जाणे.

त्यानंतर खाला बाहेरच बसायच्या, हातपाय चालत होते तोवर.

मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगायचे, "आमच्या खाला पडद्याबाहेर आल्या." मला ती गोष्ट तशी हवी होती, म्हणून तशी सांगत होते का?

कारण पडद्यामागे असताना खाला मोठ्याने हसायच्या. आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं. बाहेर आल्यावर तसं हसणं मी ऐकलं नाही.

ऐकलंही असेल. आठवत नाही.

आज अस्लम भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला रडत सांगत होता, "मी ती काच लावली म्हणून अम्मी बाहेर आली." लोक माना डोलवत होते. मला ते खोटं म्हणवेना, खरंही म्हणवेना. तो रडत होता ते मात्र अगदी खरं होतं.

एकदा मी खालांनाच विचारलं होतं. "खाला, तुम्हाला बाहेर यायचं होतं का? की यावं लागलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू असा प्रश्न पडणं हा माझ्या कॉलेजात शिकवण्याचा परिणाम असावा.

"माणूस कापूस घेऊन उभा होता, बेटी. किती वेळ उभा ठेवू त्याले?"

मला ते उत्तर तेव्हा पुरलं नव्हतं. आजही पुरत नाही. पण त्यांनी तेवढंच दिलं.

खुदा हाफिज, खाला.